महिन्यातून एकदाच्या सावजीपेक्षा रोजच्या पाच कप चहाकडे बघा

मानेवाड्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "घरी चौघं. नवरा ५२ वर्षांचे, इतवारीत दुकान आहे, तीन महिन्यांची शुगर दाखवणारं एचबीए१सी ६.२, बीपी १४४/९०. मुलगी १९ वर्षांची, हिमोग्लोबिन ९.४. सासूबाई ७४ वर्षांच्या, वर्षभरात वजन उतरलं, चालताना थकतात, थायरॉइडची आणि गॅसची गोळी रोज. सगळे सांगतात सावजीचा झणझणीत रस्सा बंद करा, भात बंद करा, साखरेऐवजी गूळ घाला, मुलीला बीट द्या, सकाळी सगळ्यांना संत्र्याचा ज्यूस द्या. आमच्या रोजच्या खाण्यापिण्यातलं नेमकं काय बिघडवतं आहे?"

ताई, लोकांनी सांगितलेल्या या पाच उपायांपैकी एकानेही तुमच्या घरची एखादी तक्रार मिटायची नाही. त्यातले गूळ आणि ज्यूस तर तुमच्या यजमानांची शुगर वाढवतील. मी नागपुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि बहुतेक घरांत हेच बघते. जे तिखट, लालभडक, पाहुण्यांसाठी केलेलं, त्याच्यावर सगळा संशय. जे दिवसातून चार-पाच वेळा पोटात जातं ते मात्र कुणाच्या हिशेबातच नसतं. तब्येत घडते आणि बिघडते ती वरचेवर होणाऱ्या गोष्टींनी. त्यामुळे "हे चांगलं की वाईट" याआधी "हे आठवड्यातून किती वेळा" हा प्रश्न विचारायला हवा.

आपल्याच पट्ट्यातलं उदाहरण देते. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळी नावाची डाळ होते. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं आणि ते मज्जातंतूंना बाधतं. दुष्काळात दुसरं काही मिळत नव्हतं तेव्हा महिनोन्महिने दोन्ही वेळा लाखोळीच खाणाऱ्यांचे पाय ताठरले, अधू झाले आणि पुन्हा कधी सुधारले नाहीत. म्हणूनच १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पण इतर धान्य-भाजीसोबत अधूनमधून ती खाणाऱ्यांना तसा आजार झाला नाही. डाळ तीच होती. फरक पडला तो रोज, भरपूर आणि केवळ तीच खाल्ल्याने. तुमच्या घरातल्या प्रत्येक पदार्थाला हाच निकष लावा.

आता चहा. यजमानांना विचारा दिवसात किती होतो. "दोन-तीन" असंच उत्तर येईल. माझ्याकडेही तेच येतं. मग मी वेळेप्रमाणे विचारत जाते. उठल्यावर? पेपर वाचताना? दुकान उघडल्यावर? व्यापारी आला तेव्हा? चारला? दुकान वाढवताना? आकडा सहा-सातवर जातो, आणि शेजारी बसलेली घरची मंडळी मान हलवतात. दुकानावरच्या चहाला कुणी मोजतच नाही, कारण तो आपण मागवलेला नसतो, समोर आलेला असतो.

माझ्या टेबलावर साखरेची बरणी आणि साधा चहाचा चमचा ठेवलेला असतो. "घरी घालता तेवढी साखर या वाटीत काढा" म्हटलं की "एकच चमचा" म्हणणाऱ्यांचा चमचाही शिगोशीग भरून येतो. सपाट चमच्यात पाच ग्रॅमच्या आत साखर मावते, शिगेच्या चमच्यात जवळपास दुप्पट. पाच चहांत दोन-दोन सपाट चमचे धरले तरी दिवसाला ४०-५० ग्रॅम होते, म्हणजे महिन्याला सव्वा ते दीड किलो, एकट्या माणसाची, फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. साधारण माणसाला हे ५ टक्के म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही २५ ग्रॅमचाच आकडा आहे. तुमच्या यजमानांचा हा कोटा दुपारच्या आधीच संपलेला असणार.

चहा बंद करा असं मी सांगत नाही. इतवारीतल्या दुकानदाराला चहा बंद करायला सांगून कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही, आणि त्याची गरजही नाही. दिवसाला तीन कप ठेवा. साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते, मग जुना चहाच गोडमिट्ट लागायला लागतो. एकदम फिका चहा सुरू केला की चौथ्या दिवशी माणूस टपरीवर जाऊन पूर्वीसारखाच पितो. चहासोबत येणारी बिस्किटं, टोस्ट, खारी मात्र थांबवाच. त्यात मैदा, साखर आणि तूप-डालडा यांच्यापलीकडे फारसं काही नसतं.

मुलीच्या बाबतीत हाच चहा वेगळा घोळ घालतो, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्तक्षय. ९.४ हा किरकोळ आकडा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय होता. त्यामुळे "सगळ्याच पोरींचं कमी असतं" म्हणून सोडून देण्याची सवय आपल्याला लागली आहे. या वयात दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह लागतं. आपल्या जेवणात लोह थोडंफार असतं, पण धान्य-डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीरात फार थोडं शोषलं जातं. ते जास्त शोषलं जावं यासाठी त्यासोबत क जीवनसत्त्व हवं. आणि त्याला सगळ्यात मोठा अडथळा चहा-कॉफीतल्या टॅनिनसारख्या द्रव्यांचा असतो.

आपल्या सकाळच्या नाश्त्याकडे बघा. तर्री-पोहे, म्हणजे चन्याच्या तिखट रश्श्यासोबतचे पोहे. त्यात हरभऱ्याचं लोह, पोह्यांचं लोह, वरून पिळलेलं लिंबू, सोबत कच्चा कांदा. लोह शोषलं जाण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणार नाही. आणि मग शेवटचा घास संपायच्या आत हातात चहाचा कप. जेवणासोबत घेतलेला चहा त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह अडवू शकतो. लिंबाने केलेलं सगळं काम तो एक कप पुसून टाकतो. दूध घातल्याने हे टळत नाही, उलट दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. म्हणून मुलीला चहा द्यायचाच तर खाण्याच्या आधी एक तास किंवा नंतर एक तास. एवढा एकच बदल आज, काही खर्च न करता करता येतो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये समोसा आणि चहा सोबतच घेतला जातो, तेही तिच्याशी बोला.

बिटाबद्दल. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढतं असा समज आहे, पण बिटात १०० ग्रॅमला एक मिलीग्रॅमही लोह नसतं. आवडत असेल तर कोशिंबीर करा, औषध समजून रस पाजू नका. पालकात लोह बिटापेक्षा जास्त असलं तरी शोषण कमी. हरभरा, मोट (मटकी), बरबटी (चवळी), तीळ, अळीव, चवळीची भाजी, मेथी, आंबट चुका घालून केलेलं वरण हे आलटून पालटून ठेवा, आणि प्रत्येक जेवणात लिंबू, आवळा, पेरू किंवा संत्रा यातलं काहीतरी. तुम्ही मांसाहार करत असाल तर मटण आणि कलेजी यांतलं लोह कित्येक पटींनी सहज शोषलं जातं. म्हणजे ज्या सावजीच्या नावाने घरात ओरड चालली आहे, त्यातलं मटण तुमच्या मुलीच्या कामाचंच आहे.

तरीही ९.४ वरून १२ वर नुसत्या खाण्याने जाता येत नाही. गोळी लागणारच. ती लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत कधीही नाही. पोट बिघडलं, शौचास काळं झालं म्हणून मुली गोळी परस्पर बंद करतात. काळा रंग लोहाचाच असतो, घाबरायचं नाही. पोटात फार मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगून एक दिवसाआड घेता येते.

आता यजमानांचं जेवण. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथून मागे फिरता येतं, म्हणून हाच काळ सोन्याचा आहे. भात बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली की शुगर उतरते, असं सगळीकडे ऐकू येतं. भाकरी मला स्वतःला फार प्रिय आहे, पण यातला हिशेब समजून घ्या. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्ट पदार्थ ६५-७० ग्रॅम आणि गव्हाच्या कणकेतही जवळपास तेवढेच. तंतूही दोन्हींत साधारण सारखेच. घरची एक भाकरी ५०-६० ग्रॅम पिठाची होते, पोळी २५-३० ग्रॅमची. म्हणजे एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. "मी आता भाकरीच खातो" म्हणत दोन भाकऱ्या खाणाऱ्याच्या पोटात चार पोळ्यांइतकं पिष्ट जातं. भाकरी खावी, जरूर खावी, पण दोन पोळ्यांच्या जागी एक.

भाताचंही तसंच. वरण-भात-लिंबू-तूप हे आपलं जेवण, ते तोडू नका. फक्त ताटातला क्रम आणि वाटा बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग घट्ट वरण किंवा उसळ, त्यानंतर पोळी आणि शेवटी एक मूद भात. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की त्यामागून आलेल्या भाताने शुगर तेवढी झपाट्याने चढत नाही. रात्री दुकानातून दहाला येऊन जेवून लगेच आडवं होणं, हे मात्र भातापेक्षा घातक. डबा नेऊन दुकानातच आठला जेवता आलं तर उत्तम. नाहीतर जेवणानंतर घरापुढे दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या तरी माराव्यात. इतक्याशा चालण्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते.

पोह्यांच्या प्लेटमध्ये साधारण ६० ग्रॅम पोहे असतात. त्यात पिष्ट ४५ ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं चार-पाच ग्रॅम. नुसते पोहे खाल्ले की अकराला पुन्हा भूक लागते ती याच कारणाने. तर्रीतला चना हीच त्या प्लेटची खरी ताकद आहे. ठेल्यावर उभं राहून बघा, तर्रीच्या गंजात वर लाल तेलाचा बोटभर थर असतो आणि चने तळाशी. डाव वरवर फिरवून वाढली की प्लेटमध्ये तेल येतं, खालून ढवळून वाढली की चना. "भाऊ, खालून चना टाका, वरचं तेल नको, शेव नको, लिंबू जास्त द्या" एवढं सांगायचं. ठेलेवाले ऐकतात. घरी केले तर पोहे मूठभर कमी घ्या आणि भिजवून शिजवलेला चना वाटीभर घाला. आठवड्यातून दोनदा असे पोहे यजमानांनी खुशाल खावेत.

सावजीचं थोडक्यात सांगते. त्यातला काळा मसाला, मिरे, लवंग, खसखस, खोबरं यांनी कुणाला मधुमेह होत नाही. तिखटाने पोटात अल्सर होतो हेही खरं नाही. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या यांच्यामुळे होतात. त्या जंतूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. अल्सर, मूळव्याध किंवा जळजळ आधीपासून असेल तर तिखटाने त्रास वाढतो, एवढंच. सावजीत अडचण तेलाची आणि मिठाची आहे. महिन्यातून एकदा-दोनदा, तर्रीचं तेल ताटाच्या कडेला ठेवून, भाकरीसोबत खाल्लं तर यजमानांनाही चालेल. पूर्वी या रश्श्याला जवसाचं तेल वापरायचे. जवसात ओमेगा-३ प्रकारचं स्निग्ध भरपूर असतं, पण ते तेल फार तापवण्याचं नव्हे. जवस भाजून, कुटून केलेली चटणी मात्र रोज एक चमचा सगळ्यांनी खावी. अख्खा जवस चावला जात नाही, तसाच बाहेर पडतो.

घरातल्या तेलाचा हिशेब पिंपावरून करा. माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत तेल संपायला हवं. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा होत असेल तर तो फल्लीतेलाचा आहे की सोयाबीनचा, हा वाद निरर्थक आहे. बाहेरचा आलूबोंडा, समोसा, मुगवडा यांच्यातलं तेल कितव्यांदा तापलंय हे आपल्याला कळत नाही. कढईतलं तेल काळपट, दाट दिसत असेल आणि त्यावर फेस राहत असेल तर तिथून पुढे चला.

१४४/९० बीपीचं मूळ बहुधा मिठात सापडेल. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, त्यात भाजी-वरणातलंही आलं. आपल्याकडे जेवणात मीठ कमी घातलं तरी डावीकडे लोणचं, ठेचा, पापड आणि चारला चिवडा-शेव असतोच. पापडात मिठाशिवाय पापडखाराचं सोडियमही असतं. सैंधव मीठ बीपीला चालतं हा गैरसमज काढून टाका. ते गुलाबी दिसत असलं तरी मीठच आहे. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ काहींना उपयोगी पडतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर त्याने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. लोणचं एकदम बंद न करता रविवारवर आणा. रोजच्या ताटात त्याजागी लिंबाची फोड, सांबार (कोथिंबीर)-लसणाची कमी मिठाची चटणी, कांदा-टमाटरची कोशिंबीर.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारणं माझं कर्तव्य आहे. यजमान खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खातात का? नागपुरात आहाराबद्दल बोलताना खर्ऱ्याबद्दल गप्प बसणं मला जमत नाही. "मला तिखट चालत नाही, तोंड झोंबतं" असं सांगत येणाऱ्या तिशीतल्या पोरांना मी तोंड उघडायला लावते आणि दोन बोटंही आत जात नाहीत. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, आणि पुढे तिथेच कर्करोगाची भीती असते. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट सांगितलं आहे. त्यात तंबाखूने बीपी वाढतं ते वेगळंच. खर्रा चालू असेल तर बाकीच्या सगळ्या पथ्याआधी तो सोडवायला मदत घ्या.

गूळ. साखरेपेक्षा गुळाचा चहा चांगला असं वाटतं, कारण गूळ गावाकडचा, रंगाने तपकिरी. पण गुळातही ८० टक्क्यांहून जास्त साखरच असते. १० ग्रॅमच्या खड्यात लोह अर्धा मिलीग्रॅमही मिळत नाही. मुलीच्या २९ मिलीग्रॅमपुढे ते काहीच नाही, आणि यजमानांची शुगर त्याने साखरेइतकीच चढते. संक्रांतीचा तिळगूळ, पोळ्याची पुरणपोळी आनंदाने खा. रोजच्या चहात घालून औषध म्हणू नका. मधालाही हेच लागू.

ज्यूसचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपण संत्र्याच्या गावात राहतो. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराचा संत्रा येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाचा. इतकं चांगलं फळ समोर असताना आपण त्याची चोथ्यातली निम्मी किंमत गाळणीत फेकतो. एका ग्लासात तीन-चार संत्री पिळली जातात. तंतू गाळणीत राहतात, साखर ग्लासात उतरते आणि दोन मिनिटांत पोटात जाते. चार संत्री सोलून खायला बसलं तर दोन संपल्यावर आपोआप हात थांबतो. यजमानांनी दिवसाला एक-दोन संत्री सोलून, पांढऱ्या रेषांसकट खावीत. ती त्यांना चालतात. ज्यूस त्यांना चालत नाही, मग तो घरी काढलेला, बिनसाखरेचा का असेना. संत्राबर्फी पाहुण्यांना द्या.

उन्हाळ्याचं मी थोडं सविस्तर लिहिते, कारण मे महिन्यात कूलर लागले की माझ्याकडचे निम्मे रिपोर्ट सरबतांनी बिघडलेले असतात. पारा ४५ च्या आसपास असताना शरीराला पाणी आणि मीठ लागतं, साखर फारशी नाही. तहानेला पहिलं पाणी, माठातलं. त्याखालोखाल पातळ ताक, जिरं आणि अगदी थोडं मीठ घालून. कैरीचं पन्हं उत्तम, पण आपण त्यात कैरीइतकाच गूळ घालतो. यजमानांच्या ग्लासात एक चमच्याच्या वर नको. रसवंतीवरच्या उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते, थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या वर. उसाचा रस नैसर्गिक म्हणून त्याला सूट मिळत नाही. त्यातला बर्फही पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते, आणि उन्हाळ्यातले टायफॉइड, कावीळ बरेचदा अशाच पाण्या-बर्फातून येतात. नारळपाणी चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून किडनीच्या रुग्णाला विचारल्याशिवाय देऊ नये.

ओआरएस हे हगवण-उलटीचं आणि उन्हाने पाणी कमी झाल्याचं औषध आहे, सरबत नाही. खऱ्या ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं आणि ते पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं असतं. अर्धा ग्लास पाण्यात अर्धं पाकीट घालून लहान मुलांना पाजतात, त्याने त्रास वाढतो. खोक्यात मिळणारी गोड फळांच्या चवीची पेयं कित्येक वर्षं ओआरएस या नावाने विकली गेली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हे नाव अशा पेयांवर वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानातून घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं असल्याचं पाकिटावर वाचून घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त नको. आणि खिशात कांदा ठेवून निघण्याची आपली पद्धत आहे, तिला माझी हरकत नाही, पण तिच्या भरवशावर कुणी भर दुपारी उपाशीपोटी बाहेर पडू नये. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर पन्हं-कांदा करत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणीही घालू नका.

सासूबाईंकडे घरातल्या कुणाचं लक्ष नसावं असं तुमच्या पत्रावरून वाटतं. रागावू नका, बहुतेक घरांत असंच असतं. बाकीच्यांचे आकडे कागदावर लाल दिसतात, त्यांचं वजन गुपचूप उतरतं. विचारलं तर "म्हाताऱ्या माणसाला काय लागतं" म्हणून चहा-टोस्ट आणि पातळ वरण-भात. पातळ वरणाच्या वाटीत प्रथिनं तीन-चार ग्रॅम मिळतात. त्यांच्या वयात स्नायू टिकवायला दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या थोडं वर लागतं, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५०-६० ग्रॅम. दात नाहीत म्हणून कडधान्य टळतं, हरभरा गॅस करतो म्हणून टळतो, दूध पचत नाही म्हणून टळतं, आणि शेवटी राहतो तो चहा. त्यांच्यासाठी घट्ट मुगाचं वरण, पनीर कुस्करून, दही दोन वेळा, मुगाच्या पिठाचं मऊ धिरडं, फल्लीदाण्याचं कूट घालून भाजी, चालत असेल तर रोज एक अंडं. त्यात सहा ग्रॅम प्रथिनं जातात आणि चावायला त्रास नाही. किडनीचा रिपोर्ट चांगला आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.

त्यांच्या गोळ्यांचीही वेळ तपासा. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. ही गोळी चहाच्या घोटासोबत घेणाऱ्या कितीतरी आजी मी बघितल्या आहेत. गोळीचा डोस वाढत जातो आणि थायरॉइड काही केल्या जागेवर येत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीपासून तिला चार तासांचं अंतर हवं. गॅसची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं, शाकाहारी माणसात आणखीच. पायात मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरणं हे सगळं "वयामुळे" म्हणून आपण सोडतो आणि कारण बी-१२ निघतं. गॅसची गोळी परस्पर बंद मात्र करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा की अजून लागते का.

तपासण्या अशा करा. सासूबाईंचं टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, क्रिएटिनिन (किडनीसाठी), शुगर, आणि वजन दर महिन्याला त्याच काट्यावर. वर्षभरात कारण नसताना वजन उतरलं असेल तर नुसत्या आहारावर थांबू नका, फिजिशियनना दाखवाच. यजमानांचं बीपी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहा, एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा. त्याआधी केलं तर बदल पूर्ण दिसत नाही. मुलीचं सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा), आणि पाळीत किती रक्त जातं हे तिला मोकळेपणाने विचारा, कारण बऱ्याच मुलींचं लोह तिथेच जातं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून तिची सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती होते. गोळ्या सुरू केल्यावर महिनाभराने हिमोग्लोबिन बघा, साधारण एक ग्रॅम तरी वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर डॉक्टरांकडे परत जा. आणि १२ वर पोचलं म्हणून गोळ्या थांबवू नका. शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतर आणखी तीन महिने लागतात.